सिदोबाच्या राईतल्या खरपुड्या

विजयमालाबाईंनी ती दोन-चार वाक्यं आदल्या दिवशीच मनात जुळवून ठेवली होती. राईत पोचल्यावर त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रांजल कंदीलपुष्पाचा विषय काढणार, हे नक्की होतं. विषय निघाला की आपण हळूच पुढं व्हायचं आणि म्हणायचं, "हे फूल मी याच राईत एकवीस वर्षांपूर्वी पाहिलंय. इथल्या रोपांवर माझ्या मुलांनी जिल्हा विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर काढला होता." मग लोक वळून बघतील, प्रांजलला आश्चर्य वाटेल, कुणीतरी फोटो काढेल. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांत त्यांच्याकडं असं कुणी वळून बघितलं नव्हतं.

पलूसच्या एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. हाताखालून गेलेल्या मुलांत कुणी फौजेत गेलं, कुणी साखर कारखान्यात, कुणी घरच्या उसात राहिलं. झाडापानांच्या वाटेला गेली ती एकटी प्रांजल. ती आता सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि पावसाळा सरता सरता रविवारी हौशी माणसांना जुनी रानं दाखवायला न्यायची. भाद्रपदात तिचा फोन आला, "मॅडम, येत्या रविवारी औंधच्या पलीकडं मोळवाडीच्या देवराईत चाललोय. तुम्ही यायचंच. गाडी पलूसवरनंच जाईल." मोळवाडीचं नाव ऐकून विजयमालाबाई मनाशी हसल्या. ती राई आपल्याला ठाऊक आहे, हे त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही.

गाडीत पंधरा माणसं होती. प्रांजलनं सगळ्यांना बाईंची ओळख करून दिली, "या माझ्या मॅडम. यांच्यामुळं मी या वाटेला लागले." शेजारी बसलेले तवनाप्पा मगदूम हे सांगलीचे बी-बियाण्यांचे जुने व्यापारी. सत्तरीचे, स्वच्छ पांढरा शर्ट, मांडीवर वही. त्यांनी लगेच हात जोडले. "शिक्षकांचं पुण्य मोठं," ते म्हणाले. बाईंना बरं वाटलं.

पलूस सोडल्यावर बराच वेळ दोन्ही अंगाला ऊसच ऊस होता. कडेगाव मागं पडलं तसा तो विरळ झाला. मग घेवडा लागला, आल्याचे वाफे लागले, आणि माळ उघडे पडत गेले. औंधची यमाई लांबूनच डोंगरावर दिसली तेव्हा तवनाप्पांनी खिडकीतून हात जोडले आणि बाईंनीही जोडले. पुसेसावळीच्या बाजूनं एक फुटका डांबरी रस्ता डोंगराच्या कुशीत शिरत होता. त्याच्या टोकाला तीस-पस्तीस घरांची मोळवाडी, आणि वाडीच्या वर, ओढ्याच्या घळीत, सिदोबाची राई.

राई दिसली आणि बाई जरा थबकल्या. त्यांच्या आठवणीतली राई याच्या दुप्पट होती. डोंगराच्या वरच्या अंगाला, जिथं त्यांना गर्द झाडी आठवत होती, तिथं आता नुसती घाणेरी माजली होती आणि तिच्यातून काळे बुंधे डोकावत होते. एवढी वर्षं मध्ये गेली, आठवणीत सगळं मोठंच होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

राई दाखवायला वाडीतली शालूबाई आली होती. पन्नाशीची, काटक, नऊवारीचा काचा मारलेली. राईच्या कडेला तिनं सगळ्यांना थांबवलं. "चपला, बूट हितंच काढा. आत काटं हायती, पर पायाखाली बघून चाललं की न्हाई मोडत." तवनाप्पांनी सगळ्यांच्या आधी चपला काढल्या. बाईंनीही काढल्या. मागच्या खेपेला त्यांनी मुलांना बूट काढू दिले नव्हते, हे त्यांना तेव्हाच आठवलं.

आत शिरल्यावर ऊन एकदम मागं राहिलं. जमीन पायाला गार लागत होती. उंबराची मुळं ओढ्याच्या पाण्यात उतरली होती, करंजाच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि एका जुन्या नांद्रुकाच्या झाडाखाली सिदोबाचा तांदळा, शेंदूर लावलेला गोल दगड, होता. प्रांजल एकेक झाड दाखवत होती. हा कुंभा, हा धावडा, हा गेळा, ही चिल्हारीची वेल, हिला हात लावू नका. शालूबाई मधूनमधून तिच्यात आपली भर घालायची. कुठल्या झाडाचा पाला शेरडांना चालतो, कुठल्या सालीनं पोटातली मुरड थांबते. लोक लिहून घेत होते. बाईंनाही वाटत होतं, आलो ते बरं झालं.

नांद्रुकाच्या पलीकडं एक उताराची मोकळी जागा होती. गवत होतं, दगड होते. प्रांजल तिथं थांबली. विजयमालाबाईंनी ती जागा ओळखली. त्यांचं काळीज धडधडलं, अगदी स्टेजवर बोलावण्याआधी धडधडतं तसं.

"इथं पूर्वी कंदीलपुष्प होतं," प्रांजल म्हणाली. "नळीसारखं फूल, वर पाकळ्यांची टोकं जुळलेली, बारक्या कंदिलासारखं. आत माशी शिरली की केसांमुळं तिला बाहेर येता येत नाही. एखादा दिवस ती आत अडकते, परागकण अंगाला लागतात, मग केस सुकतात आणि फूल तिला सोडून देतं. इकडं याला खरपुडी म्हणतात."

बाईंनी घसा साफ केला. एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात शालूबाई बोलायला लागली.

"व्हय, खरपुडी. ह्या दगडापासनं त्या उंबरापतोर खरपुड्याच खरपुड्या हुत्या. भादव्यात पाय ठिवाय जागा न्हवती. आता एक बी न्हाई."

"काय झालं त्यांचं?" तवनाप्पांनी विचारलं.

"एका शाळंनं न्हेल्या," शालूबाई म्हणाली. "वीस वर्सं झाली आसतील. एक बाई पोरं घिऊन आल्ती. पोरांच्या हातात खुरपी. आमचं मामा, म्हंजी माझं सासरं, सिदोबाचं पुजारी. त्येंनी सांगितलं, बाई, ह्या राईतनं काडी बी भायेर जात न्हाई, नगा उकरू. तर ती बाई पोरांम्होरं मामांस्नीच शाळा शिकवाय लागली. ह्याला अंदस्रद्धा म्हणत्यात आन् काय काय. पोरं खदाखदा हासली. आन् सांजपतोर हाताला लागंल त्ये उकरून न्हेलं, कंदासकट. फुडं पेपरात आलं म्हणं, राईचं नाव-गाव घालून. मग दोन-तीन वर्सं मोटारीतनं माणसं यायची पिशव्या घिऊन. उरलंसुरलं त्येंनी न्हेलं."

तवनाप्पांनी वहीवरची पेन्सिल उचलली. "आम्ही जैन तर कंद खात पण नाही," ते हळूच म्हणाले. "कंद उपटला की झाडाचा जीवच गेला. शाळेनं हे करावं? कुठली शाळा म्हणायची ही?"

"काय की. मी तवा म्हायेरी गेल्ते बाळतपणाला. मामांस्नी ठावं."

तवनाप्पा सरळ मनानं बाईंकडं वळले. "मॅडम, तुम्ही एवढी वर्षं शाळेत होता. तुमच्या कानावर आलं असेल?"

पंधरा माणसं त्यांच्याकडं वळून बघत होती. बाईंच्या तोंडातून शब्द निघून गेले, जणू दुसरंच कुणी बोलत होतं.

"कोण जाणे. कोरेगाव-रहिमतपूरकडची असेल एखादी. तिकडच्या शाळा यायच्या पूर्वी इकडं."

तवनाप्पांनी मान हलवली. लोक पुढं सरकले. प्रांजलनं मात्र एकदा बाईंकडं पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. तिनं नुसतं पाहिलं आणि खाली बघून वहीत काहीतरी लिहायला लागली.

त्यानंतर राईत काय काय दाखवलं ते बाईंच्या डोक्यात शिरलं नाही. त्या सगळ्यांच्या मागून चालत राहिल्या. आता सगळं आठवत होतं, आणि एकवीस वर्षं त्यांनी जसं आठवलं होतं तसं नव्हे.

अडतीस मुलं होती, नववीची. रहिमतपूरवरनं फिरून एसटीनं आणली होती. त्या स्वतः चाळीस वर्षांच्या, पदर कमरेला खोचलेला, कामाचा नुसता धडाका. प्रदर्शनाला काहीतरी वेगळं न्यायचं होतं. पटका बांधलेला एक माणूस झाडांतून बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, हितली काडी बी भायेर न्हेत न्हाईत." त्यांनी विचारलं, "आणि नेली तर काय होतं?" त्याला उत्तर देता आलं नाही. तो नुसता म्हणाला, "न्हाई न्हेत." त्यांनी तेच धरलं. मुलांकडं वळून म्हणाल्या, "बघा मुलांनो, याला म्हणतात अंधश्रद्धा. कारण विचारलं की उत्तर नसतं. देव काय कंद मोजत बसतो का?" तो माणूस खाली बघत उभा राहिला होता. मग तो बाजूला झाला आणि खुरपी चालू झाली.

सदतीस रोपं नेली. पहिला नंबर आला. पेपरवाल्याला त्यांनी स्वतःच मोठ्या हौसेनं राईचं नाव सांगितलं, वाडीचं सांगितलं, कुठून चढायचं तेही सांगितलं. आणि रोपं? प्रदर्शनानंतर ती शाळेच्या नळाजवळ लावली. पाणी जास्त झालं, कंद कुजले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा त्यातलं एकही उरलं नव्हतं. शिपायानं त्या जागी गुलाब लावला. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःला तर नव्हतंच.

दुपारचं जेवण शालूबाईच्या घरी होतं. पत्र्याचं घर, शेणानं सारवलेली ओसरी, पुढं चिंचेची सावली. सावलीत लोक मांडी घालून बसले. ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा, दही, बुक्कीनं फोडलेला कांदा. तवनाप्पांसाठी शालूबाईनं बिनकांद्याचं वेगळं काढून ठेवलं होतं. बाईंनी दोन घास खाल्ले. ज्या घरच्या माणसाला आपण हसलो त्याच्या घरची ही भाकरी, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

ओसरीच्या टोकाला एक म्हातारा घायपाताचा दोर वळत बसला होता. ऐंशीच्या पुढचा. पटका नव्हता, डोकं उघडं आणि पांढरं. हात मात्र न थांबता चालले होते. हाच शालूबाईचा सासरा, आकाराम. बाई उठल्या आणि त्याच्यापाशी गेल्या.

"भाकरी ग्वाड न्हाई लागली व्हय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"लागली की."

"मग ताट का सारलं?"

बाई पायरीवर बसल्या. पायरी उन्हानं तापली होती. "बाबा, एकवीस वर्षांपूर्वी शाळेची मुलं आली होती इथं. खरपुड्या न्यायला."

"आल्ती."

"ती बाई मी."

आकारामचे हात थांबले. त्यानं डोळे बारीक करून त्यांच्याकडं निरखून पाहिलं. पाय, साडी, पिकलेले केस, तोंड.

"त्या बाईचा आवाज लय मोठा हुता," तो म्हणाला.

"माझं चुकलं, बाबा. मला माफ करा."

दोराचं टोक त्यानं पायाच्या अंगठ्यात धरलं आणि पुन्हा पीळ द्यायला लागला. मग तो बोलला, आणि त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"खरपुडीचं काय घिऊन बसला, बाई? माळावर धनगरं कंद उकरून खात्यात, डुकरं उकरत्यात. त्ये आज ना उद्या उगवलं आसतं. पर त्या दिशी आमच्या वाडीतली माणसं बी बघाय आल्ती. तुमी म्हणाला, देव काय कंद मोजत बसतो व्हय? तुमची पोरं हासली, आन् त्यांचं बघून आमची बी हासली. माझा ल्योक बी हासला."

त्यानं दोर गुडघ्यावर घेतला.

"त्याच सालच्या माघात वाडीतल्यांनी वरच्या अंगाचं धावडं तोडाय काढलं. मी आडवा गेलो. तर मला म्हणालं, म्हाताऱ्या, देव काय झाडं मोजत बसतो व्हय? तुमचंच बोलणं, तुमच्याच चालीवर. त्याच्या आदी चाळीस वर्सं माझ्या एका शब्दावर राई ऱ्हायल्ती. त्याच्या आदी माझ्या बाच्या शब्दावर. कुणाची कुऱ्हाड उचलली न्हाई. त्यो शब्द तुमी न्हेला. कंदासंगट त्यो बी न्हेला."

वरच्या अंगाचे ते काळे बुंधे बाईंच्या डोळ्यांसमोर आले. आजवर त्यांना वाटत होतं, आपण सदतीस रोपं नेली. राई अर्धी झाली त्यातही आपण आहोत, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"मी तेव्हा विचारलं होतं," त्या कशाबशा म्हणाल्या, "नेली तर काय होतं म्हणून. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"काय बोलनार? मला बी ठावं न्हवतं," आकाराम म्हणाला. "कुणी कवा न्हेलीच न्हवती."

पाठीमागं कुणीतरी उभं होतं. बाईंनी वळून पाहिलं. शालूबाई, हातात गरम भाकरी, तशीच. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी मगाशी तुमी कोरेगावचं नाव घेटलं त्ये?"

"खोटं बोलले."

"का?"

विजयमालाबाई आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारत आल्या होत्या आणि उत्तर आलं नाही की उभं करत आल्या होत्या. आता त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. लाज वाटली म्हणून, असं म्हणावं तर तेही पुरं खरं नव्हतं. लाज वाटायच्या आधीच तोंडातून खोटं गेलं होतं.

शालूबाईनं भाकरी परातीत टाकली. तिचा आवाज चढला नाही. "माणसांम्होरं तुमी मामांस्नी हासला. मग सांगायचं तर माणसांम्होरं सांगा की. हितं वसरीच्या कोपऱ्यात का सांगताय?"

चिंचेखाली गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी दह्याची तारीफ करत होतं. बाई पायरीवरून उठल्या. त्या सावलीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"मला थोडं बोलायचंय," त्या म्हणाल्या. "खरपुड्या नेणारी ती शाळा पलूसची. ती बाई मीच. मगाशी मी दुसऱ्यांवर ढकललं."

त्यांना पुढं नीट बोलता आलं नाही. वाक्यं तुटली. प्रदर्शन, पेपर, नळाजवळ कुजलेले कंद, धावडे, सगळं मागंपुढं झालं. ज्या वाक्यांवर त्या आदल्या दिवशी खूश होत्या ती त्यांनी स्वतःच सांगून टाकली. "मी आज इथं याची बढाई मारणार होते," त्या म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा कानापर्यंत तापला.

तवनाप्पांची मान खाली गेली. आपण भोळेपणानं विचारलेल्या प्रश्नाचंच त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. दुसरे एक गृहस्थ घाईघाईनं म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, त्या काळी कुणाला एवढं कळत होतं?"

"नको," प्रांजल म्हणाली. "त्यांना बोलू द्या."

बोलायचं अजून काही उरलं नव्हतं. बाई तशाच उभ्या राहिल्या. ओसरीवरून आकारामनं विचारलं, "किती पोरं हुती?"

"अडतीस."

"त्यांस्नी सांगा मग. माझ्याम्होरं डोळं पुसून काय हुनार? मी आज हाय, उद्या न्हाई. त्या पोरांच्या डोस्क्यात तुमचं बोलणं आजून आसंल. पोरांची पोरं बी झाली आसतील आता."

शालूबाईनं बाईंचं ताट उचललं नाही. पुन्हा वाढलंही नाही. ते तसंच तिथं राहिलं. शेवटी बाई खाली बसल्या आणि गार झालेला झुणका, वाळलेली भाकरी, सगळं मुकाट संपवलं. कुणी त्यांच्याशी बोललं नाही, आणि कुणी बोलू नये असंच त्यांना वाटत होतं. निघताना त्या आकारामच्या पाया पडायला वाकल्या, तर त्यानं पाय मागं घेतले.

परतीच्या गाडीत प्रांजल त्यांच्या शेजारी येऊन बसली. औंध मागं गेलं. मग बाईंनीच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो," प्रांजल म्हणाली. "पीएचडीला या सगळ्या डोंगरांची यादी केली. कुठं काय होतं, कुठं काय उरलं. मोळवाडीपुढं 'नष्ट' असं लिहायला लागलं. कधी गेलं ते शोधताना प्रदर्शनाच्या बातमीचं कात्रण सापडलं. तुमचा फोटो होता त्यात. मी सातवीत होते तेव्हा, मॅडम. प्रयोगशाळेत ती रोपं बघायला आम्ही रांग लावली होती. मला वनस्पतिशास्त्राचं वेड लागलं ते तिथंच. ते कात्रण हातात आलं त्या दिवशी मी जेवले नाही."

"मग मला इथं कशाला आणलंस? उघडं पाडायला?"

"नाही. वाटलं, जागा बघितली की तुम्ही आपण होऊन सांगाल." प्रांजल खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही कोरेगाव म्हणालात तेव्हा वाटलं, उगाच आणलं यांना."

बाईंनी पदर तोंडाला लावला. उसाचे मळे पुन्हा सुरू झाले होते. पलूसला उतरताना तवनाप्पांनी मात्र त्यांची पिशवी खाली उतरवून दिली आणि नेहमीसारखे हात जोडले. ते जोडलेले हात बाईंना सगळ्यात जास्त बोचले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या नववीच्या मुलांचे नंबर गोळा करायला सुरुवात केली. एकाकडून दुसऱ्याचा, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. सोपं नव्हतं. निम्म्यांना ती सहल आठवतच नव्हती. "कसली राई, मॅडम?" असं विचारून ती तब्येतीची चौकशी करायची. एक मुलगी, रेश्मा, इस्लामपुरात दोन मुलांची आई, सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं. पण तुम्हाला कसं सांगायचं?" बाईंनी फोन ठेवला आणि तो प्रश्न नंबरांच्या कागदावर लिहून ठेवला.

अकरावा फोन विश्वजीतला लागला. तो फौजेत हवालदार होता, जोधपूरला. बाईंचा आवाज ऐकून त्याला केवढा आनंद झाला.

"मोळवाडी? आवं मॅडम, ती सहल कोण इसरंल! मी त्या म्हाताऱ्याची नक्कल केल्ती, एसटीत. काडी बी भायेर न्हेत न्हाईत, काडी बी भायेर न्हेत न्हाईत! आठवतंय का? आजून बी आमी गावाकडं भेटलो की मी करून दावतो. पोरगं बी शिकलंय माझं."

बाईंना नक्कल आठवत नव्हती. "तेव्हा मी काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. आपण निदान रागावलो असू, अशी त्यांना आशा होती.

"तुमी? तुमी तर लय हासला, मॅडम. डोळ्यांतनं पाणी आलं तुमच्या. म्हणाला, विश्वजीत, पुन्हा एकदा कर."

बाईंनी डोळे मिटले. आपला तो हसण्याचा आवाज त्यांना कुठंच सापडेना, पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ओसरीवरचा आकाराम, धावडे, आपण त्या दिवशी बोललेलं खोटं, सगळं. तिकडून आधी "व्हय, व्हय" असं येत होतं, मग तेही बंद झालं.

"मॅडम," शेवटी विश्वजीत म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "आमी ल्हान हुतो वो."

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही लहान होतात. मी नव्हते."

त्यानं फोन ठेवला नाही, आणि बाईंनीही ठेवला नाही.